ऑपरेशन आठ दिवसांवर आणि काखेत काखमांजरी: सर्जनना सांगावे की थांबून पाहावे?

खडू_आणि_फळा (औसा, जि. लातूर)
६ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ३१. विषय थोडा संकोचाचा आहे, म्हणून टोपणनावाने लिहितो आहे. आठवी-नववीत असल्यापासून माझ्या छातीची दोन्ही बाजूंनी वाढ झालेली आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. शाळेत मुले त्याला काय म्हणत असत ते येथे लिहीत नाही. पोहायला गेलो नाही, बनियनवर कधी अंगणात आलो नाही आणि ऐन उन्हाळ्यातही शर्टाच्या आत जाड बनियन घालूनच वर्गात उभा राहिलो. गेल्या हिवाळ्यात धीर करून तपासण्या केल्या. हार्मोन व्यवस्थित निघाले, सोनोग्राफीत केवळ ग्रंथी आणि चरबी दिसली. आता १४ मे रोजी संभाजीनगरच्या एका खाजगी रुग्णालयात लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणे) आणि ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया ठरली असून चाळीस हजार रुपये आगाऊ भरले आहेत. मे महिना मुद्दाम निवडला, कारण जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि त्यानंतर महिनाभर घट्ट बनियन घालून फळ्यावर हात उंचावणे शक्य होणार नाही. घरी पत्नीशिवाय कोणाला ठाऊक नाही. आई-वडिलांना प्रशिक्षणाला जातो असे सांगितले आहे.

आता अडचण. ऑपरेशनपूर्वी छातीवरचे केस काढावे लागतात असे एका व्हिडिओत पाहून मी ३० एप्रिलला छाती आणि दोन्ही काखा वस्तऱ्याने स्वतःच साफ केल्या. तिसऱ्या दिवशी सगळीकडे बारीक लाल पुरळ आले. घामोळे समजून पावडर लावली. छातीवरचे पुरळ बसले, परंतु डाव्या काखेत एक गाठ राहिली. प्रथम ती वाटाण्याएवढी होती. आज सुपारीएवढी झाली आहे, तांबडी आहे, हात खाली सोडला की ठणकते आणि मध्यभागी पिवळसर टोक दिसू लागले आहे. संध्याकाळी ताप मोजला, तो ९९.४ भरला. औषधाच्या दुकानातून तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि एक मलम आणले असून दोन दिवसांचे डोस झाले आहेत. आजी म्हणते की ही काखमांजरी आहे, बिब्बा घातला की एका रात्रीत बसेल.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ऑपरेशन काखेचे नाही, छातीचे आहे, तेव्हा एवढ्याशा गाठीने काही बिघडते का? आणि गोळ्यांनी चार दिवसांत ती बसणारच असेल, तर सर्जनना आताच सांगून तारीख गमावण्यात काय अर्थ आहे?

---

मोंढा_रोड (परभणी)
६ मे, रात्री ११:०५

मास्तर, मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सांगितले की तारीख गेलीच म्हणून समजा. दोन वर्षांपूर्वी केस प्रत्यारोपणाच्या वेळी मला चांगली सर्दी होती. मी एक शब्द बोललो नाही, गोळी घेऊन खुर्चीत बसलो आणि सगळे सुरळीत पार पडले. त्या दिवशी सर्जन तपासणारच आहेत, त्यांना धोका वाटला तर ते स्वतः थांबवतील. आपण होऊन संकट कशाला ओढवून घ्यायचे? बिब्ब्याच्या नादाला मात्र लागू नका, माझ्या चुलत्याच्या पाठीवर त्याचा डाग अजून आहे.

---

ओटी_सिस्टर (निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई)
७ मे, सकाळी ६:४०

बाळा, तुझ्या पहिल्या प्रश्नात मोठी गफलत आहे. काख आणि छाती वहीच्या दोन पानांसारखी वेगळी नसतात. मी २६ वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. या शस्त्रक्रियेत आम्ही पेशंटचा हात बाजूला पसरून ठेवायचो आणि मानेपासून बेंबीपर्यंत, काखेसकट सगळा भाग औषधाने रंगवायचो. लायपोसक्शनची नळी जिथून आत जाते ते तीन-चार मिलिमीटरचे छिद्र पुष्कळ सर्जन छातीच्या बाजूला, काखेच्या घडीलगतच पाडतात, कारण तिथला व्रण नंतर दिसत नाही. म्हणजे तुझी पिकलेली गाठ आणि ते छिद्र यांत दोन बोटांचे अंतर राहील.

आता वस्तऱ्याविषयी. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला आदल्या संध्याकाळी वॉर्डात न्हावी यायचा आणि पेशंटला गुळगुळीत करून जायचा. तो काळ गेला. वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यांत जंतू घर करतात आणि जितक्या आधी हजामत तितका त्यांना वाढायला अवधी मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटले आहे की शक्यतो केस काढू नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने, म्हणजे केस कापण्याच्या यंत्राने, काढावेत आणि वस्तरा कोणत्याही वेळी वापरू नये. तू ऑपरेशनच्या चौदा दिवस आधी मे महिन्याच्या घामात वस्तरा फिरवलास. ही गाठ तिथूनच आली आहे.

ती दाबू नकोस, सुईने टोचू नकोस. आजीला माझा नमस्कार सांग, पण बिब्बा फडताळातच राहू दे. त्याच्या तेलाने कातडी भाजते, मग सर्जनला गाठीऐवजी भाजलेली जखम पाहावी लागते. आणि आज दवाखाना उघडला की पहिला फोन तिकडे कर.

---

भूल_देणारा (भूलतज्ज्ञ, नांदेड)
७ मे, सकाळी ९:१५

सिस्टरांनी थिएटरची बाजू सांगितली आहे, मी टेबलाच्या डोक्याकडची सांगतो. आपणास प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे हे उपचार समजू नयेत.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १९९९ मध्ये शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंसर्ग टाळण्याविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. छेद जिथे द्यायचा आहे त्या जागेपासून दूर, शरीरात अन्यत्र कोठेही संसर्ग असला, तरी तो शोधून आधी बरा करावा आणि तो बरा होईपर्यंत ऐच्छिक शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, असे त्यांत सांगितले आहे. जगभर आजही हीच रीत पाळली जाते. यातला ‘ऐच्छिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अपेंडिक्स फुटले असेल तर काखेतली गाठ कोणी पाहत बसत नाही, कारण थांबण्याचा धोका करण्याच्या धोक्याहून मोठा असतो. तुमच्या बाबतीत पारड्याच्या एका बाजूला केवळ सुट्टीचे वेळापत्रक आहे. सतरा वर्षे सोसलेल्या माणसाला हे वाक्य कठोर वाटेल याची मला कल्पना आहे, तरीही लिहितो.

आता या विशिष्ट शस्त्रक्रियेत संसर्ग का भोवतो ते पाहा. ग्रंथी आणि चरबी काढल्यावर त्वचेखाली एक पोकळी उरते. तीत पाझर साठतो, तो साठू नये म्हणूनच ड्रेनची नळी आणि नंतर घट्ट बनियन असते. रक्तमिश्रित कोमट पाझर हे जंतूंचे आवडते अन्न आहे. केस्तूड, गळू, काखमांजरी यांमागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो आणि शस्त्रक्रियेच्या जखमा पिकवण्यातही त्याचाच हात मोठा असतो. लायपोसक्शनची नळी त्वचेखाली पंख्यासारखी सगळीकडे फिरवली जाते. तोंडाशी जंतू असतील तर ते एका जागी न राहता पूर्ण छातीभर पेरले जातील. मग पू, पुन्हा छेद, आठवडे चालणारी मलमपट्टी आणि शेवटी निपलभोवती ओढलेला, खळगा पडलेला व्रण हे सारे ओघाने आले. ज्या छातीसाठी हा खटाटोप चालला आहे, तिचीच त्यात नासाडी होते.

‘ऑपरेशनच्या वेळी अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतातच’ असे पुष्कळ जण म्हणतात. ते इंजेक्शन, बहुधा सेफॅझोलिन, छेद देण्यापूर्वीच्या तासाभरात दिले जाते आणि स्वच्छ त्वचेवर उरणाऱ्या थोड्याशा जंतूंसाठी ते पुरते. आधीच साठलेल्या पुवात रक्तपुरवठाच नसल्याने औषध नीट पोचत नाही. म्हणूनच पिकलेल्या गाठीचा खरा उपचार म्हणजे छेद देऊन पू बाहेर काढणे. तुमच्या गोळ्यांनी लाली उतरेल, ठणका थांबेल, ताप जाईल आणि आत गाठ तशीच राहील. आता मोंढा रोड यांचा भरवसा कशावर आहे ते बघा: ‘त्या दिवशी सर्जन तपासतील’. अर्धवट औषधाने झाकलेली गाठ त्या दिवशी, काखेत पावडर आणि अंगावर गाऊन असताना, नजरेतून सुटू शकते. हात आडवा करून टेबलावरचे दिवे लावल्यावर ती सापडली, तर तोपर्यंत तुम्हाला भूल दिलेली असेल.

मोंढा रोड, तुमचे केस प्रत्यारोपण जागेवर भूल देऊन झाले, तुमचा श्वास तुमच्याच ताब्यात होता. पूर्ण भूल देताना आम्ही श्वासमार्गात नळी घालतो. सर्दीनंतर हा मार्ग दोन आठवडे आणि काही जणांत त्याहूनही अधिक काळ चिडलेला असतो, स्पर्श होताच आवळतो आणि रक्तातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. एकाला बाधले नाही म्हणून दुसऱ्याने लपवावे, हा सल्ला देऊ नये.

मास्तर, एक प्रश्न. अशा गाठी पूर्वी झाल्या होत्या का? आणि साखर कधी तपासली होती?

---

खडू_आणि_फळा
७ मे, सकाळी ९:५०

डॉक्टरसाहेब, सिस्टर, मनापासून आभार. गाठ पहिलीच आहे. उपाशीपोटीची साखर जानेवारीत ९२ होती, वडिलांना मात्र मधुमेह आहे.

मोंढा रोड यांच्यावर कोणी रागावू नये, कारण त्यांनी जे लिहिले तेच मी मनात दोन दिवस घोकत होतो. रुग्णालय साडेदहाला उघडते. फोन करतो आणि लिहितो.

---

मेडिकलवाला_जालना
७ मे, दुपारी १२:३०

आमच्याच धंद्यातल्या माणसाने मास्तरांना चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या, म्हणून दोन शब्द लिहिणे भाग आहे. पाकिटाच्या डाव्या बाजूला उभी तांबडी रेघ असते. ती असली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध द्यायचेही नाही आणि घ्यायचेही नाही. आम्ही देतो, हे खरे आहे. समोर ठणकणारा माणूस उभा असतो, डॉक्टरांची फी वाचवावी असे त्याच्या मनात असते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल असे आमच्या मनात असते. तीन दिवसांची सर्वांत खपाची अँटिबायोटिक काउंटरवरच असते आणि ती सर्दीपासून गळवापर्यंत सगळ्यांना जाते. सर्दी विषाणूची असते, तिच्यावर हिचा काडीचा उपयोग नाही, आणि गळवातल्या जंतूंना ती लागू पडेलच असे नाही.

मलमाच्या ट्यूबचे नाव बघा. शेवटच्या बाजूला ‘सोन’, ‘सॉल’ असे काही असेल आणि घटकांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. ते आजच बंद करा आणि सर्जनना ट्यूबच दाखवा. त्याने लाली दबते, जंतूंना मोकळे रान मिळते.

---

औंढ्याची_लेक (हिंगोली)
७ मे, दुपारी ३:१०

मलमाचा विषय निघाला म्हणून माझी हकीकत सांगते. दोन सिझेरियननंतर पोटाची सैल कातडी लोंबत होती. तिच्यासाठी टमी टक करायचे ठरवले. पोटाच्या घडीखाली आणि जांघेत नायटा होता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कोणाला नसतो? घाम, सुती साडीखाली घट्ट बांधलेला परकर, दिवसाआड येणारे टँकरचे पाणी. मी वर्षभर दुकानातले एक मलम लावत होते. लावले की चार दिवस खाज जायची, सोडले की दुप्पट वेगाने यायची. कडेला गोल पसरायचे, मध्ये कातडी पातळ होऊन चमकायची. ऑपरेशनच्या दहा दिवस आधी तर मी ते सकाळ-संध्याकाळ लावले, डाग दिसू नयेत म्हणून. म्हणजे मास्तरांनी गोळ्यांनी जे केले ते मी मलमाने केले.

सर्जनबाईंनी घडी उचलून भिंग लावून पाहिले. छेद नेमका तिथूनच, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत जाणार होता. त्यांनी पेनने रेघ ओढून दाखवली, तर ती नायट्याच्या तीन चकत्यांमधून गेली. बुरशी लागलेली आणि स्टेरॉइडने पातळ झालेली कातडी टाके धरत नाही, असे त्या म्हणाल्या आणि मला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे कळले की आपल्या देशात पसरलेला हा नायटा आता साधा राहिलेला नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव असलेली त्याची एक जात नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांना दादच देत नाही. माझ्या गोळ्या दुसऱ्या होत्या आणि मध्ये यकृताची तपासणीही झाली. घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे केले, नवऱ्यालाही औषध दिले, कारण त्यालाही होता आणि तो सांगत नव्हता.

सगळे मिळून अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत मी पुष्कळ रडले, हेही लिहिते. पुढे ऑपरेशन पावसाळ्यात झाले, टाका एकही उसवला नाही.

---

भूल_देणारा
७ मे, सायंकाळी ५:४०

ताई, तुमच्या अनुभवाला एक पुरवणी जोडतो. तीव्र स्टेरॉइड मलम मोठ्या भागावर महिनोन्‌महिने लावले, तर ते त्वचेतून रक्तात जाऊन शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची शक्ती मंदावू शकते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या ताणात मग रक्तदाब अनपेक्षित खाली येतो. असे क्वचित घडते, परंतु ‘कोणते औषध चालू आहे?’ या आमच्या प्रश्नाला लोक ‘काही नाही’ असे उत्तर देतात, कारण मलमाला कोणी औषध समजतच नाही.

---

पिंपळगावकर (बीड)
७ मे, रात्री ८:००

याच धाग्यात विचारतो. बहिणीची नाकाची शस्त्रक्रिया २० तारखेला आहे आणि कालपासून तिचे नाक वाहते आहे. ताप नाही. काढा आणि वाफ चालू आहे. तेरा दिवस पुरेसे आहेत का?

---

भूल_देणारा
७ मे, रात्री ९:३०

ताप नसलेली साधी सर्दी सात ते दहा दिवसांत उतरते, मात्र श्वासमार्ग शांत व्हायला त्यापुढेही वेळ लागतो, म्हणून तेरा दिवस काठावरचे आहेत. निर्णय तिला तपासणारे भूलतज्ज्ञ घेतील, त्यांना आजच कळवा. नाकाच्या शस्त्रक्रियेत आणखी एक गोष्ट असते. नंतर काही दिवस नाक आतून सुजून बंद असते, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, बाहेरून साधारण आठवडाभर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, असते. त्यात शिंका आणि खोकला आला तर रक्तस्राव वाढतो आणि जिवाची तगमग होते.

नाक मोकळे करण्याचे थेंब दुकानातून आणून आठ-दहा दिवस सलग घालू नका, ते थांबवले की नाक अधिक चोंदते. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन सर्जनना विचारल्याशिवाय नको, त्यांनी रक्त गोठण्यात अडथळा येतो. काढ्यात लसूण, हळद, आले मूठभर घालत असाल तर तेही त्यांच्या कानावर घाला. वाफेचे भांडे मांडीवर घेऊ देऊ नका.

---

मोंढा_रोड
७ मे, रात्री १०:१५

डॉक्टरसाहेब, माझा सल्ला मागे घेतो. पण पैशाचा प्रश्न कोणीच काढत नाही. आरोग्यविम्याच्या कागदावर सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेलीच असते, पॉलिसीत ‘एक्सक्ल ०८’ असा संकेत असतो. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला किंवा वैद्यकीय गरज म्हणून डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या उपचाराला तेवढी सूट आहे. म्हणजे हे चाळीस हजार मास्तरांच्या खिशातले आहेत. तारीख बदलली आणि रुग्णालयाने पैसे ठेवून घेतले तर? माणूस आजार लपवतो तो हौसेने लपवत नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिले आहे याची त्याला धास्ती असते.

---

ओटी_सिस्टर
८ मे, सकाळी ६:१०

मोंढा रोड, हे मात्र तुम्ही बरोबर बोललात. आगाऊ रक्कम भरतानाच ‘मला ताप आला किंवा तुम्हीच ऑपरेशन पुढे ढकलले तर काय?’ हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. रुग्णालयाने वैद्यकीय कारणाने ढकलले आणि पेशंटने मन बदलले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

खडू_आणि_फळा
९ मे, रात्री ९:४५

कालच्या पहाटेच्या एसटीने निघालो. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड करीत दुपारी संभाजीनगरला पोचलो. खिडकीतून येणारा वारा भट्टीतल्यासारखा होता. डावा हात पूर्ण प्रवासभर समोरच्या सीटच्या दांडीवर टेकवून ठेवला, कारण खाली घेतला की ठणका डोक्यापर्यंत जात होता.

फोनवर सर्जननी फोटो मागवला होता, तो पाहूनच बोलावले. त्यांनी हात डोक्यावर घ्यायला सांगितला, गाठीवर दोन बोटे ठेवून हलकेच दाबले आणि म्हणाले, ‘आत पू झाला आहे, आजच काढू.’ जागेवर इंजेक्शन देऊन छोटा छेद दिला. मला वाटले होते चमचाभर निघेल. परिचारिकेने स्टीलच्या ट्रेमध्ये गॉजचे जे ओले, हिरवट-पिवळे बोळे टाकले ते मोजता मोजता मी सहावर थांबलो. शेवटी जखमेत गॉजची वात सरकवली आणि तोंड उघडे ठेवले, कारण वरून बंद केले तर आत पुन्हा साठते. पू तपासणीला पाठवला आहे. ठणका मात्र तिथल्या तिथे गेला. आठवड्यात पहिल्यांदा रात्री सलग झोपलो.

ट्यूब दाखवली, तीत क्लोबेटासॉल निघाले. जालन्याच्या दादांना नमस्कार.

मग त्यांनी टेबलावरचा मार्कर घेऊन माझ्या छातीवर ऑपरेशनच्या खुणा काढून दाखवल्या. नळीचे छिद्र जिथे येणार तिथे ठिपका दिला. ठिपक्यापासून वात घातलेल्या जखमेपर्यंत त्यांनी आपली दोन बोटे आडवी धरली. सिस्टर, तुम्ही लिहिलेले तंतोतंत डोळ्यांपुढे आले. मी तारखेविषयी एक शब्दही बोललो नाही.

१४ मे रद्द झाली आहे. जखम पूर्ण भरून कातडी नेहमीसारखी झाल्यावर किमान तीन-चार आठवडे थांबायचे, असे ते म्हणाले. आगाऊ रक्कम पुढच्या तारखेसाठी तशीच राहील, फक्त रक्ताच्या चाचण्या जुन्या होत असल्याने पुन्हा कराव्या लागतील. मी न विचारता त्यांनी हे पावतीच्या मागे लिहून सही केली. फोन करण्यापूर्वीच्या दोन रात्री मी ज्या माणसाला मनातल्या मनात घाबरत होतो तो हाच का, असे वाटून थोडी लाज वाटली.

---

औंढ्याची_लेक
९ मे, रात्री १०:३०

सर, पहिले दोन दिवस फार जड जातील. सगळे ठरवलेले असते आणि एकदम हातात काहीच उरत नाही. घरी प्रशिक्षणाचे काय सांगितले?

---

खडू_आणि_फळा
१० मे, सकाळी ७:२०

‘पुढे ढकलले’ असे सांगितले. तेवढे तरी खरे आहे.

---

खडू_आणि_फळा
३० मे, रात्री ९:१०

अनेकांनी निरोप पाठवून विचारले म्हणून लिहितो. पुवाच्या तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसच निघाला. अहवालात औषधांची यादी असते आणि जंतू ज्याला जुमानत नाही त्यापुढे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर असते. मी दुकानातून आणून घेतलेल्या गोळीपुढे तेच अक्षर होते. तीन महिन्यांची सरासरी साखरही तपासली, ५.५ टक्के, म्हणजे व्यवस्थित, आली. जखम तळापासून भरत आली. औशातल्याच दवाखान्यात रोज वात बदलत होतो, बाराव्या दिवशी वात ठेवायला जागाच उरली नाही. आता बोटाच्या पेराएवढी गुलाबी रेघ आहे.

तीन-चार आठवडे मोजले तर तारीख जूनच्या उत्तरार्धात येते आणि तेव्हा शाळा सुरू झालेली असते. सर्जननी दोन पर्याय दिले, वैद्यकीय रजा किंवा दिवाळीची सुट्टी. मी दिवाळी घेतली. घट्ट बनियन चार ते सहा आठवडे दिवसरात्र घालायचे असते, ते थंडीत सोसवेल. फळ्यावर वरच्या भागात लिहायचे टाळावे लागेल, पण माझ्या चौथीच्या वर्गात उंच मुलांची कमतरता नाही.

घरचेही सांगतो. रोज पट्टी बदलायला जातो म्हणून वडिलांनी एके दिवशी विचारले आणि मला खोटे पुढे ओढता आले नाही. काखेपासून सुरुवात केली आणि छातीपर्यंत आलो. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, ‘एवढ्यासाठी वस्तरा कशाला हातात घ्यायचा? न्हाव्याकडं जायचं की.’

---

ओटी_सिस्टर
३१ मे, सकाळी ६:२५

वडिलांना सांग, न्हाव्याकडेही नको. दिवाळीत जाशील तेव्हा केस असतील तसे घेऊन जा. काढायचे असले तर त्या दिवशी सकाळी तिथली सिस्टर क्लिपरने काढेल. आदल्या रात्री आणि त्या सकाळी साबणाने आंघोळ कर, काखा नीट कोरड्या कर आणि वर पावडर लावू नकोस.